मालकांचा चहा

गाडी सुटायला वेळ होता, तरी अव्वा, माझी आई, सारखी म्हणत होती, "बस की आत, बस." मी बसल्यावर तिनं खिडकीतनं कडक भाकरीचं गाठोडं सरकवलं आणि म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. आमच्या घरात निघणाऱ्याला कानडीतनं असंच म्हणतात. अप्पा स्टेशनावर नव्हते. अर्धांगाच्या झटक्यानं ते भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत बाजेवर पडून होते. घरातनं निघताना त्यांनी चालत्या हातानं माझा सदरा धरला, तो सोडेचनात. शेवटी अव्वानं बोटं सोडवली. केम स्टेशन मागं पडलं तरी तो चुरगळलेला सदरा मी हातानं सपाट करत होतो.

पेठेतल्यांनो, तुम्ही म्हणता, पैशाच्या मागं लागून सुरतेला पळाला. इथं सुरतेत माझ्यासारखे आलेले सोलापूरकर म्हणतात, बरं केलंस, सुटलास. दोघांना सांगून सांगून मी दमलो. अहो, मला कुठं जायचंच नव्हतं. मला फक्त दिवसपाळी हवी होती.

रात्री अप्पांची कूस बदलायला माणूस लागायचा. एकट्या अव्वाच्यानं ते होत नव्हतं. आणि मी चादरीच्या कारखान्यात मागावर, कायम रातपाळीला. मालकांना हात जोडले, तर म्हणाले, "रातीला भरवशाचा माणूस पायजे. तूच ऱ्हा." आता याला कौतुक म्हणायचं की काय! शेवटी काम सोडलं. माझ्या शेजारच्या मागावर नरसय्या होता, जिवाभावाचा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात दिवसपाळीचा माग रिकामा आहे, हे त्यानंच सांगितलं होतं.

तिथल्या मालकांनी विचारलं, "कुणाकडं होतास?" मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच चहा मागवला. मी खूश! म्हटलं, काम झालं. कप खाली ठेवला तसे ते उठले. "बरंय, ये आता."

दुसऱ्या कारखान्यात तेच, तिसऱ्यातही चहाच. नरसय्यानं कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, चहा पाजला म्हंजे काम न्हाय. एकाचा माणूस दुसऱ्यानं घ्यायचा न्हाय, असं मालकांचं आपसात ठरलंय, मलाबी आजच कळलं. तोंडावर न्हाय म्हणवत न्हाय, मग चहा पाजत्यात."

लई संताप आला. शिवी दिली असती तर मीही दिली असती. चहा पाजणाऱ्याला काय बोलणार? जुन्या मालकांनी माझा माग तोवर दुसऱ्याला दिला होता. बसून राहायचं तर अप्पांचं औषध कुठनं आणायचं? म्हणून सुरत.

सोलापूरच्या मालकांचा शब्द इथवर पोचत नव्हता. कुणाकडं होतास, हे इथल्या शेठनं विचारलंच नाही. मागापुढं उभं केलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "चालशे. काले आवजे." चालेल, उद्या ये. दिवसपाळी मिळाली, अगदी हवी होती तशी. रात्री मी इथं खोलीवर मोकळा पडून असायचो आणि तिकडं अव्वा कूस बदलायला शेजाऱ्यांना हाका मारायची.

अप्पा गेल्याची तार आली. मी पोचलो तेव्हा त्यांना माती देऊन झाली होती. मालकांच्या त्या चहापायी मला बापाच्या अंगावर मूठभर माती टाकता आली नाही. याची मी कुणाला माफी दिलेली नाही, देणारही नाही.

मग अव्वाला सुरतेला आणलं. इथंच लग्न झालं, मुलगी झाली. ती मला "पप्पा, चालो ने" म्हणते आणि अव्वा तिला कानडीत रागावते. अशात सोलापुरात संप झाला. तडजोडीत मालकांना कबूल करावं लागलं, की कुणी कुणाचा कामगार अडवायचा नाही, आपसातलं ते ठरवणं कायमचं बंद. नरसय्यानं निरोप धाडला, "आता कुटंबी काम धरता येतंय. ये माघारी."

पेठेतली खोली सोडायची होतीच, म्हणून गेलो. नरसय्यानं ओढत त्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या मालकांकडं नेलं. त्यांनी मला ओळखलं. या वेळी कुणाकडं होतास विचारलं नाही, थेट मागाकडं घेऊन गेले. "दिवसपाळी हाय. उद्यापास्नं ये."

माझा हात आपोआप मागावर गेला. सोलापूर, दिवसपाळी, घरापासनं चालत जाण्याएवढं अंतर. मागितलं होतं ते सगळं समोर होतं. फक्त ज्याच्यासाठी मागितलं होतं, तो माणूस नव्हता. मी हात काढून घेतला.

"मालक," मी म्हणालो, "चहा सांगा की."

नरसय्यानं मान खाली घातली. मालकांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चहा मागवला. तिघंही प्यायलो. कप खाली ठेवला आणि या वेळी आधी मी उठलो.

सुरतेला पोचलो तेव्हा अव्वा दारात बसली होती. खोली सोडली म्हणून सांगितलं.  ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव," म्हटलं. हा चहा प्यायल्यावर मला कुणी ऊठ म्हणत नाही. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय.