टॉवेलाखालचं गणित

मला गप्प बसता येत नाही. लोणीच्या माहेरी म्हणायचे, ही बोलायची थांबली तर डॉक्टर बोलवा. अशा बाईच्या शाळेत टॅब आले आणि वरून फर्मान आलं: मुलांनी आपलं आपण शिकायचं, शिक्षकांनी उत्तर सांगायचं नाही. आता बोला!

बेल्ह्याजवळची आमची छोटी शाळा. दुसरीत एक मुलगी होती, बैलांच्या व्यापाऱ्याची. हुशार, पण प्रत्येक बटणाला विचारायची, "बाई, दाबू का?" टॅब चालू करताना दाबू का, बंद करताना दाबू का. मी मेली लगेच सांगायची, "तिसरं दाब." तिला माझीच सवय लागली होती आणि दोष माझा होता, हे मला कळत होतं. ही पोरगी पुढच्या वर्गात कुणाला विचारणार, या विचारानं जीव खालीवर व्हायचा.

शेवटी मी उपाय काढला. टॅबच्या तासाला तोंडात पाण्याची चूळ धरून बसायचं. बोलणार कशी? पोरांना लई गंमत वाटली. गाल फुगवून बसलेली बाई बघायला चौथीची पोरंसुद्धा दारात यायची.

दोन दिवस ही नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी बापाचा टॉवेल घेऊन आली. माझ्या हातावर टॉवेल टाकला, आत हात घातला आणि माझी बोटं धरली. बैलबाजारात व्यापारी असाच भाव करतात, तोंडानं एक शब्द नाही, सगळं टॉवेलाखाली बोटांनी. टॅबवर प्रश्नाखाली चार उत्तरं असतात. कितवं दाबू, एवढंच तिला हवं होतं. मी तिला जागेवर परत पाठवायला हवं होतं ना? मी दोन बोटं दाबली. तोंड बंद होतं, म्हणजे नियम मोडला नाही, अशी स्वतःची समजूतही घातली. मग काय, रोजच आमचा बाजार भरू लागला.

आणि एक दिवस केंद्रप्रमुख तपासणीला आले. राजुरीकडचे, घरी शेती, बैलबाजार कोळून प्यायलेले. मी घाईनं चूळ भरली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ही पोरगी टॅब काखेत मारून, टॉवेल घेऊन सरळ माझ्याकडे! प्रश्न होता सत्तावीस आणि पंधरा टोमॅटो मिळून किती. साहेबांच्या धाकानं मी हातचा विसरले. बत्तीस! पहिलं उत्तर. मी एक बोट दाबलं.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि उलट माझी तीन बोटं दाबली. मी पुन्हा एक. ती पुन्हा तीन. मी डोळे वटारले, तिनंही वटारले. साहेब खुर्ची पुढे सरकवून बघायला लागले. शेवटी तिनं झटक्यात हात बाहेर काढला, टॉवेल बापासारखा खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "न्हाई जमायचं, बाई. तुमी लई चुकताय."

आणि कुणालाही न विचारता तिसरं बटण दाबलं. टॅब ओरडला, "शाब्बास! बेचाळीस!"

"बाई," साहेब म्हणाले, "सौदा तुमच्याच अंगाशी आला की!"

मला हसू फुटलं, आणि अख्खी चूळ साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. अगं आई गं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना पुसायला तोच टॉवेल द्यावा लागला. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थिनी स्वावलंबी आहे.' माझ्याबद्दल काही लिहिलं नाही, उपकारच झाले.

दुसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन कोपऱ्यात बसली. मी थोडा वेळ वाट पाहिली. कुणी येईना. मलाच करमेना, म्हणून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि पदराखालून हळूच हात पुढे केला. तिनं मान वर न करता तो बाजूला सारला.

"बाई," ती म्हणाली, "चूळ भरा."