दुसऱ्याने टाकलेलं मत

माझा स्वभाव उपजतच संशयी. कुणी विनाकारण चहा पाजला तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. सौदीतल्या नोकरीत हा स्वभाव फार उपयोगी पडला. दम्मामच्या बाहेर एका गॅस प्रकल्पावर मी परमिटचं काम बघायचो. वेल्डिंगची ठिणगी पाडायची असो की टाकीत माणूस उतरवायचा असो, आधी कागद लागतो आणि कागदावर दोन सह्या लागतात. दुसरी सही माझी. पहिली सही एका अमेरिकन सेफ्टी सुपरवायझरची. तो पन्नाशीचा होता, काळा होता आणि मला पहिल्या दिवसापासून ‘ब्रदर’ म्हणायचा.

तो काळा होता हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याला पाहून मला आनंद झाला होता. आमची वस्ती बौद्धांची, चिपळूणच्या अलीकडे, गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीवर निळा झेंडा. माझ्या लहानपणी मोठी पोरं अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याच्या गोष्टी अशा काही रंगवून सांगायची, की ती माणसं खाडीपलीकडच्या गावात राहतात असंच मला वाटायचं. त्यांच्यातला एक आता माझ्या शेजारी पिकअपमध्ये बसून डोनट खात होता. मी कॅम्पमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो, की आपला माणूस भेटला.

हा आनंद आठवडाभर टिकला. त्याची बायको तिकडच्या रेडिओवरचे कार्यक्रम सीडीवर भरून पाठवायची आणि साइटवर जाता-येता तो त्या लावायचा. बोलणारा माणूसही काळाच आहे, असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. मला वाटलं, आता काही धगधगतं ऐकायला मिळणार. पण तो बोलणारा आपल्याच लोकांना दटावत होता. दर निवडणुकीला एकच पक्ष आपल्या चर्चमध्ये येतो, टाळ्या वाजवतो, दोन गाणी म्हणतो आणि चार वर्षं गायब होतो. आपण मात्र त्याच्याच पेटीत डोळे मिटून मत टाकतो, असं त्याचं म्हणणं. वर पुन्हा, मुलांना शिस्त लावा, सरकारच्या तोंडाकडे बघू नका, हेही होतंच. आणि मत द्या कुणाला, तर दुसऱ्या पक्षाला. आमच्या वस्तीतल्या कुणालाही विचारा, तो गोऱ्या मालकांचा पक्ष आहे असंच सांगेल.

“हा विकला गेलाय,” मी म्हणालो.

“कोण, रेडिओवरचा?” तो हसला. “मग मीपण विकला गेलोय. कारण मी त्याच पक्षाला मत देतो.”

त्या दिवसापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागलो. तो फोनवर कुणाशी बोलतो, गोरे साहेब त्याला जास्त हसून बोलतात का, त्याला एवढी मोठी खोली कशी मिळाली, सगळं. हवाच तशी होती म्हणा. दोन हजार चार साल. उन्हाळ्यातल्या अतिरेकी हल्ल्यानंतर शेजारच्या खोबर शहरात परदेशी लोकांच्या प्रत्येक वसाहतीच्या दारात सिमेंटचे ठोकळे येऊन पडले होते, शिपाई गाडीखाली आरसा घालून बघायचे, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवताना हात खिशात जरा जास्त वेळ राहिला तर बंदूक वर व्हायची. आमची पिकअप रोज वेगळ्या रस्त्याने जायची. सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते, त्यात मी आणखी एक.

पण खरं कारण वेगळं होतं. ती सीडी ऐकताना मला आवाज कुणाचा आठवायचा, तर आमच्या दादाचा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. अर्ज कसा लिहायचा, कुठला दाखला जोडायचा, हे अर्धा तालुका त्याला विचारायचा. त्या वर्षी गणपतीच्या आधी तो भगव्या झेंड्याच्या स्टेजवर जाऊन बसला. भाषण केलं नाही, नुसता बसला, पण फोटो छापून आला. मी तिकडून फोन केला तर म्हणाला, “अरे, वीस वर्षं आपण ठरल्या ठिकाणी गठ्ठ्याने मत देतो. ज्याचं मत आधीच ठरलेलं, त्याच्या दारात कोण कशाला येईल? एकदा त्यांना कळू दे, हे लोक हलू शकतात.”

“तुला काय कबूल केलंय त्यांनी?” मी विचारलं.

त्याने फोन ठेवला. नंतर आमचं बोलणं म्हणजे आईची तब्येत आणि पावसाची चौकशी, एवढंच उरलं. वस्तीत तर विचारूच नका. त्याच्या दुकानात आपल्यातलं कुणी जाईना. समाजमंदिरात तो आला की माणसं सतरंजीवर जरा सरकून बसत. हे सगळं मला फोनवरून काका सांगायचे. काका आमच्या सख्ख्या नात्यातले नव्हेत, वस्तीचे काका. निवडणूक त्यांच्याच हातात असायची.

आता वस्तीची एक रीत सांगायला हवी. आखातात गेलेल्या माणसांची मतं वाया जाऊ द्यायची नाहीत, अशी आमच्याकडे पद्धत होती. सकाळी सात वाजता, केंद्रावर गर्दी व्हायच्या आत, काका आमच्या नावाने पोरं उभी करायचे. आतला एजंट आपलाच, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे. संध्याकाळी काकांचा फोन, “तुझं टाकलं रे, काळजी करू नको.” मला यात कधीच काही वावगं वाटलं नाही. उलट घरी दिवाळीचा फराळ माझ्या नावाने काढून ठेवतात तसं ते वाटायचं.

ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान होतं. आदल्या शुक्रवारी काकांनी फोन केला, आमच्यातली परदेशातली किती नावं आहेत याची उजळणी केली. मी दिवसभर त्या सीडीवरच्या माणसावर चिडलेला होतो. मी म्हणालो, “माझं सोडा हो काका, दादाचं तेवढं आधी उरका. तो कुठे दाबणार ते आपल्याला माहीतच आहे.”

काका हसले. मीही हसलो. हे मी चेष्टेत बोललो की मनापासून, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. काका मात्र चेष्टेवारी नेणारे गृहस्थ नव्हते.

मतदान झालं. संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला, माझं टाकलं म्हणून. दादाबद्दल काका काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. न विचारण्यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने साइटवरच्या पोर्टाकेबिनमध्ये मला बोलावलं आणि ड्रॉवरमधून एक जाड पाकीट काढलं. पुढच्या महिन्यातल्या अमेरिकेच्या निवडणुकीची त्याची मतपत्रिका होती. त्याच्या राज्याचा नियम असा, की बाहेरदेशातून मत पाठवायचं तर पाकिटावर साक्षीदाराची सही हवी. कुणाला मत दिलं ते साक्षीदाराने बघायचं नाही. त्या माणसाने ते स्वतः, एकट्याने भरलं, एवढंच बघायचं.

“तुझ्या लोकांना सांग ना,” मी म्हणालो.

“बहुतेक घरी गेलेत. दोघं उरलेत, दोघंही गोरे.” तो पाकिटाच्या कडा सरळ करत राहिला. “ते सही करतील. पण खांद्यावर थाप मारून म्हणतील, बघा, एक तरी शहाणा निघाला. मला कुणाचा शहाणा व्हायचं नाही, ब्रदर. माझी सख्खी बहीण या मतापायी तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. एवढं सोसून मत द्यायचं, तर निदान ते माझं मी देतो.”

माझ्या डोक्यात एकदम दहा शंका. या वर्षात, या गावात, अमेरिकन सरकारच्या पाकिटावर माझं नाव आणि पत्ता? उद्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, ऑफिसात कुणी विचारलं तर? आणि हा मलाच का धरतोय? उद्या हाच सांगत फिरेल, की बघा, माझ्या मताला या गरीब भारतीयाचाही पाठिंबा आहे. मी म्हणालो, “जे डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर सही करायची नाही, हे तूच शिकवलंस.”

“मग बघ की. बस इथे.”

“परमिटचं काम आहे,” असं म्हणून मी उठलो. काम काही नव्हतं.

त्याने पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. रागावला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच संशय आला.

शुक्रवारी सकाळी दादाचा फोन. तो आपणहून कधी करत नसे, म्हणून मला आधी आईची धास्ती वाटली. पण आई बरी होती.

“अरे, माझं मत आधीच पडलं होतं,” तो म्हणाला. “साडेआठला गेलो. यादीत माझ्या नावापुढे खूण. अधिकारी माझं बोट बघतोय आणि मी त्याचं तोंड बघतोय. बोट कोरंच्या कोरं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कुणी केलं काही कळत नाही. काका तर म्हणतात, वरच्या आळीतल्यांनी केलं असेल. तुला काही कानावर आलं?”

“नाही,” मी म्हणालो. “मला इथे कोण काय सांगणार?”

“बरं,” तो म्हणाला. “जेवलास का?” साडेनऊला कोण जेवतं? पण मी हो म्हणालो.

त्या दिवशी मी कॅम्पमध्ये कपडे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. दादाला कळलं तर काय, ही भीती. अमेरिकन विकला गेलाय, दादा विकला गेलाय, रेडिओवरचा विकला गेलाय, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. आणि यातल्या कुणीही दुसऱ्याच्या मताला हात लावला नव्हता. तो लावणारा एकटा मीच निघालो. आणि माझं स्वतःचं? नाव यादीत चढल्यापासून ते मी एकदाही दिलेलं नव्हतं. बटण दाबलं की आवाज येतो म्हणतात, तोही मी ऐकलेला नव्हता.

शनिवारी पोर्टाकेबिनमध्ये गेलो आणि सुपरवायझरला म्हणालो, “पाकीट गेलं का?”

“नाही. आज कुरिअर केलं तर पोचेल.”

“भर मग. मी बसतो.”

त्याने मला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. बाहेर क्रेनच्या सावलीत चार माणसं केळी खात होती. मागे पेन चालल्याचा आवाज येत होता. तो गोल भरत होता, काळजीपूर्वक, मुलं परीक्षेत भरतात तसा. एकदा थांबला. बराच वेळ थांबला. मला मान वळवून बघायची इतकी इच्छा झाली, की मी खुर्चीची कड धरून ठेवली. मग पेन पुन्हा चाललं. पाकीट चिकटवून त्याने माझ्यापुढे ठेवलं. मी सवयीने प्रत्येक ओळ वाचली आणि नाव, कॅम्पचा पत्ता घालून सही केली. त्याने “थँक यू, ब्रदर” म्हटलं आणि लगेच आम्ही टाकीच्या परमिटकडे वळलो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दादाला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, यंत्राचा आवाज येत होता. थांब म्हणाला. गिऱ्हाईक गेल्यावर मी एका दमात सांगून टाकलं, “दादा, ते मी सांगितलं होतं काकांना. तुझं मत आधी उरका म्हणून.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “माझ्या नावाने मत टाकणाऱ्या पोराने केंद्राच्या बाहेरच सांगितलं, तुझ्या भावानेच सांगितलंय म्हणून.”

“मग काल मला कशाला विचारलंस?”

“तू सांगतोस का बघायला.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “तक्रार का नाही केलीस? असं झालं तर वेगळी मतपत्रिका देतात ना?”

“देतात. अधिकारी देतच होता. पण बोभाटा झाला असता, मग पोलीस. आत कोण गेलं असतं? आपल्याच वस्तीची पोरं. एकाची तर बारावी आहे. मी म्हटलं, माझीच चूक झाली असेल, मीच सकाळी देऊन गेलो असेन. सगळे हसले.”

मग मी ते विचारलं, जे मला महिनाभर विचारायचं होतं आणि ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. “दादा, तू कुणाला देणार होतास?”

दुकानात कुणीतरी आलं असावं. “किती कॉप्या?” असं त्याने कुणाला तरी विचारलं, यंत्र सुरू झालं, थांबलं.

“हे तू मतदानाच्या आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” दादा म्हणाला. “आता नाही सांगणार.”

त्याने ते आजवर सांगितलेलं नाही.