मेंढ्यांचं ताट

भातात हात घातला होता. बिस्मिल्ला म्हणून पहिला घास उचलला होता. तोंडात गेला नव्हता.

"उठा रे. फोटो झाला."

मॅनेजर बोलला. माझ्या बोलीत बोलला. अरबीत बोलला असता तर इतकं लागलं नसतं.

कतीफजवळच्या खजुराच्या शेतावर आम्ही चौघं मजूर. साथीच्या रोगाचे दिवस. बाजार बंद, माल पडून. महिनाभर पोटात खुब्जची कोरडी रोटी आणि कांदा. नुकसान झालं म्हणून सरकार शेतीवाल्यांना मदत देणार होतं. शेत चालू आहे ना, माणसं नीट सांभाळलीत ना, ते बघायला एक साहेब यायचा होता. म्हणून कफीलनं, आमच्या अरब मालकानं, मटण शिजवायला लावलं. सतरंजी पसरली, अंतर ठेवून चार ताटं मांडली. साहेब आला. मास्क न काढता लांबूनच फोटो काढले, कफीलला दुवा दिली, गेला. त्याच्या गाडीची धूळ बसायच्या आत आम्हाला उठवलं.

"हात लागलेत, भाई," मी म्हणालो. "आता हे कोण खाणार?"

"मेंढ्या खातील. तुम्हां दालद्यांना मटणाची सवय लागली की कामाला वाकत नाय."

वरचे तुकडे त्यानं उचलून पातेल्यात टाकले. भात तेवढा ताटात राहिला.

मॅनेजर माझ्याच किनाऱ्याचा. खोताच्या घरातला. मी दालदी, बापजाद्यांपासून मासे मारणारा. नमाजाला एका रांगेत, पण त्यांच्या लग्नात आम्ही शेवटच्या पंगतीला. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की हे सुटेल. खोत माझ्या आधी इथं येऊन बसला होता.

आमच्याकडे जेवत्या माणसाला सलामसुद्धा करत नाहीत. जबाब द्यायला त्याचा घास थांबेल म्हणून. भरल्या ताटावरून वैऱ्यालाही उठवत नाहीत. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या अम्मीनंही त्याला हेच शिकवलं असणार.

चारही ताटं मीच गोठ्यात नेली. मेंढ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. त्यांना कुणी उठवलं नाही. मी तिथंच उभा राहून बघत होतो आणि मला मेंढ्यांचा हेवा वाटत होता. माणसाला मेंढीचा हेवा वाटावा! त्या दिवशी माझी मलाच किळस आली.

पुढं मदतीच्या दुसऱ्या हप्त्याची वेळ आली. पुन्हा साहेब, पुन्हा सतरंजी, पुन्हा मटणाचा वास. भूक तीच होती. मी बसलो, पण हात मांडीवरच ठेवले.

"खा रे," मॅनेजर दात आवळून म्हणाला.

मी हललो नाही. साहेबानं विचारलं, का खात नाहीस? मोडक्या अरबीत मी म्हणालो, "हादा मू हग आना. हादा हग गनम." हे माझं नाही. मेंढ्यांचं आहे.

साहेबानं कफीलकडे बघितलं. कफील हसला. मग साहेबही हसला.

मी उठलो. या वेळी मला कुणी उठवलं नव्हतं.

बाकीचे तिघं मान खाली घालून भराभर गिळत होते. मला त्यांचा राग आला नाही. फोटोत तीन माणसं आली, तेवढी पुरली. मदत मिळाली, विहिरीवर नवा पंप बसला. माझ्या इकाम्यावर, इथं राहायच्या परवान्यावर, घरी जायची एक्झिट पडली.

"पोटावर पाय मारून घेतलास," मॅनेजर म्हणाला. "गावात कुणाच्या दारात उभा राहशील?"

"तुझ्या नाय."

आता सामान बांधून बसलोय. घरून फोन आला, खोताकडे लग्न आहे, दालदीवाड्याला आवतण आलंय. मी बायकोला सांगितलं, कुणी जायचं नाही. ती म्हणाली, गावात राहायचंय आपल्याला. म्हटलं, राहू. पण शेवटच्या पंगतीला माझं पोर बसणार नाही. ताट आपलं आहे का, हे विचारल्याशिवाय माझ्या घरात यापुढं कुणी जेवायला हात धुणार नाही.