उंबऱ्याचं दुखणं

जावातल्या क्लातेन गावच्या डॉक्टरांनी वुर्यानीच्या आजाराचं नाव सांगितलं, 'आंबांग' व्यक्तिमत्त्व. आंबांग म्हणजे उंबरठा. वेड आणि शहाणपण यांच्या सीमेवरचं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण दुसरा शब्द मिळाला नाही का त्यांना? तिच्या आईने, सुमिराहने, कपाळावर हात मारला. "पोरींनी उंबऱ्यात बसू नये म्हणतात, आणि मी मेलीनं हिला तिथेच बसवून भरवलं!" तेव्हापासून वुर्यानी दारात टेकली की म्हातारी कडाडायची, "ऊठ, भवाने! दुखणं अजून किती वाढवायचंय?" आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची.

वीसेक वर्षांनी नवी डॉक्टरीण आली. वुर्यानीने आईची खंत सांगितली, तशी ती म्हणाली, "अहो ताई, आम्ही आता असे शिक्के फारसे मारत नाही. त्रास किती आणि कशात, ते बघतो. उंबऱ्याचा काय संबंध?"

वुर्यानीने घरी सांगितलं, तर म्हातारी फणकारली, "माझी समजूत काढतेस होय? डॉक्टरणीच्या तोंडून ऐकू दे."

"ईद झाली की नेते," वुर्यानी म्हणाली. तिच्या टपरीवर सणाचं गिऱ्हाईक होतं, म्हणून जाणं लांबवलं. ईदच्या आधीच सुमिराह गेली, लेकीला आपणच बिघडवलं असं मानत. दोघींचं क्लातेनला जाणं राहिलं ते राहिलंच.