शिंगांचा रंग

भाची दीड वर्षाची असताना मी तिला आदिलाबादच्या बाजारातून लाकडाचा खुळखुळा आणला होता. लाल, वर पिवळे पट्टे. मी तेव्हा तामसीच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि भावाच्या लेकरासाठी आपल्या पगारातून काही नेण्याची हौस होती. तिनं तो दोन दिवस चोखला. तिसऱ्या दिवशी ओकारीत लाल रंग दिसला. भाऊ आणि वैनी तिला त्यांच्या गावाहून, बाजारहत्नूरहून, बसनं आदिलाबादला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "रंग पोटात गेला. कोणता, ते मी कसं सांगू?"

पोरगी चार दिवसांत बरी झाली. भाऊ किंवा वैनी मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना मी विचारलं. ते म्हणाले, काही रंगांत शिसं असतं, ते हळूहळू अंगात साठतं, लहान लेकरांच्या डोक्याला बाधतं. "पण कोणत्या रंगात आहे ते कसं ओळखायचं?" मी विचारलं. तासाची घंटा झाली आणि ते वर्गावर गेले.

भाची तीन वर्षांची झाली. पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं चाकांवरचे लाकडाचे बैल दोरीनं ओढत घरोघर जातात. तिचा पहिला बैल आत्यानं द्यायचा, असं वैनीनं निरोपात कळवलं होतं. मी आदिलाबादची खेळण्यांची सगळी दुकानं फिरले. रुमालाचं टोक ओलं करायचं आणि बैलाच्या पाठीवर घासायचं. रुमाल हिरवा व्हायचा, निळा व्हायचा. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बहनजी, खिलौना लेना है कि धोना है?" प्लास्टिकच्या बैलांना रॉकेलसारखा वास येत होता. पत्र्याच्या गाड्यांच्या कडा बोटाला लागत होत्या. शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेरे पोते भी इसी से खेलते हैं. हम को भी क्या मालूम इस में क्या है?"

मग मी तामसीच्या सुताराकडे गेले. त्याला म्हटलं, रंग नको, पॉलिश नको, नुसता घासून गुळगुळीत करून द्या. घरून वाटीभर तिळाचं तेल नेलं आणि माझ्यासमोर बैलाला चोळायला लावलं.

"बाई, लेकरू बैल खेळनार हाय का खानार हाय?" तो हसला.

"खाणारच आहे," मी म्हटलं.

बैल सुरेख झाला. सागाच्या रेषा त्याच्या पाठीवर पाण्यासारख्या उतरल्या होत्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तो भावाच्या घरी नेला. भाचीनं त्याला हुंगलं, त्याचा कान तोंडात घातला, आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला तिच्याकडे निवांत बघता आलं.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी उठले तर भाऊ अंगणात बसला होता. खऱ्या बैलांच्या शिंगांना लावलेले रंग डब्यांत उरले होते, त्याच रंगांनी त्यानं माझा बैल रंगवला होता. अंग पिवळं, शिंगं लाल, खूर हिरवे.

"पाह्य वं, कसा सजला!"

"दादा, काऊन रंगवला? मी मुद्दाम कोरा आणला होता."

"पोळ्याच्या दिसी उघडा बैल नेते का कोनी? लोकं मंतीन, आत्यानं कंजुसी केली."

"अरे, ती तोंडात घालते. मागच्या बारीचं इसरला का?"

"तो बाजारचा रंग होता. हा तं आपल्या बैलाले लावतो आपुन. सुकला बी आता."

तो पहाटेच उठला होता. माझा मान राहावा म्हणूनच उठला होता. मी त्याला आणखी काय सांगणार होते? मलाच नेमकं काय ठाऊक होतं? मी भाचीच्या हातून बैल काढून घेऊ लागले तर तिनं अशी किंकाळी फोडली की वैनी चुलीपासून धावत आली. मी सोडून दिला. ती नव्या झग्यात दोरी ओढत गल्लीत गेली. परत आल्यावर मी तिचे हात साबणानं धुतले. दुपारपर्यंत चारदा धुतले. दर वेळी ती परत बैलाकडे जाई. चौथ्या वेळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळं दिसलं, ते मी पदरानं पुसलं आणि दुपारची बस धरली.

तिला पुढं काही झालं नाही. म्हणजे दिसण्यासारखं काही झालं नाही. शाळेत ती आकड्यांना अडखळायची, तेव्हा सगळे म्हणायचे, बापावर गेली. मला तिच्या ओठाच्या कोपऱ्यातलं पिवळं आठवायचं.

त्या पोळ्यानंतरच्या दिवाळीला मी झगा नेला. भाऊ म्हणाला, "यंदा खेळनं नाई आनलं?"

"मिळालं नाही चांगलं."

त्याला वाईट वाटलं. संध्याकाळी तो आठवडी बाजारात गेला आणि लालभडक प्लास्टिकची मोटार घेऊन आला. म्हणाला, "हे घे, तुह्याच हातानं दे तिले."

मी दिली.