निशाला सुचवलेली सिरीज

दापोड्याच्या गोडाउनमध्ये भावेशचं काम बारकोड स्कॅन करायचं, पण त्याची खरी ड्युटी जेवणाच्या सुट्टीत सुरू व्हायची. डबे उघडले की कोणीतरी विचारणारच, "भाई, वो रोबोटवाली खतम हो गई. अब क्या देखूँ?" भावेश घास गिळायच्या आत उत्तर देणार. रोबोटवाल्याला रोबोट, फुटबॉलवाल्याला फुटबॉल, शाळेतल्या भुतांवाल्याला शाळेतली भुतं. अर्धं गोडाउन त्याने जपानी ॲनिमेच्या नादाला लावलं होतं. मॅनेजरसुद्धा केबिनचं दार लोटून मांगा कॉमिक्स वाचायचा, आणि कोणी आलं की एक्सेल उघडायचा.

घरी मात्र कदर शून्य. ज्या आत्याने त्याला लहानाचा मोठा केला ती आक्का म्हणायची, "लग्नाचा घोडा जाला, आजून कार्टून बगतंय." दिघाशी गावी निशाला बघायला निघाले तेव्हा तिने गाडीतच बजावलं, "तिथं कार्टूनचं नाव काडलंस तं बग."

पोहे झाले, चहा झाला, आणि मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. निशा भावाच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळायची. तिने विचारलं, "आवड कशाची?"

"क्रिकेट," भावेश आक्काला स्मरून म्हणाला.

निशाने त्याच्या मोबाइलच्या कव्हरवरच्या तलवारबाजाकडे बघितलं. "हा कुठल्या टीमचा?"

भावेशला हसू आवरेना. तलवारबाज धुक्यातल्या सराईवाल्या सिरीजचा होता, आणि निशाने ती सिरीज नुकतीच संपवली होती. मग काय, दोघं असे सुटले की खाली मोठ्यांचा दुसरा चहा झाला आणि बोलायचे विषय संपले.

जिना उतरताना निशा थांबली. "ती संपल्यापासून दुसरं काही बघवत नाही. तशीच एखादी सांगा. पण नीट विचार करून. माझं उत्तर त्यावरच आहे."

विचार करेल तो भावेश कसला. "लाल पुलाचा समुराई," तो म्हणाला. "सेम टू सेम. तलवारी तर डबल."

चारेक दिवसांनी मेसेज आला: दोन भाग बघितले. बंद केली.

त्यानंतर सगळंच बंद. मेसेज नाही, मोठ्यांचा फोन नाही. आक्काने शेवटी धरलंच. "काय सांगितलंस रं त्या पोरीला? दिघाशीवरना निरोप न्हाय."

"तलवार सांगितली."

"आता गो बाय," आक्का करवादली.

दुसऱ्या दिवशी भावेश तोंड पाडून मितेशच्या टेबलाशी उभा होता. मितेश रिटर्न आलेला माल तपासायचा. गोडाउनची एक वाईट खोड होती. खणात माल नसला की घाईत पोरं शेजारच्या खणातलं तसंच दिसणारं काहीतरी टाकून देत. तो माल फिरून मितेशकडे येई.

"हा बघ," मितेश एक डबा आपटत म्हणाला. "निळा मागवला, निळाच गेला. पण गिऱ्हाईक बाईला जेवण गरम करायला काचेचा पाहिजे होता, आपल्या शहाण्याने प्लॅस्टिकचा दिला. रंग बघून माल देतात साले."

"तू मला बोलतोयस का?"

"तुला कशाला बोलू? तू काय डबे देतोस?"

भावेशने तिथेच उभ्याउभ्या निशाला मेसेज टाकला: रिटर्नचं कारण?

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे ट्रकचे हॉर्न. "अहो, तलवारीचे प्रसंग तर मी पुढे ढकलायचे. मला त्या तलवारबाजाची बहीण आवडली. भाऊ लढाया जिंकत फिरतो आणि सराई ती चालवते. घोड्यांचा चारा बघते, कौलं शाकारते, आणि कोणी तिचं नावसुद्धा घेत नाही. आमचा भाऊ टेनिस बॉल क्रिकेट गाजवत फिरतो, गाड्या मी काढते. कळलं?"

कळलं. बहिणीचे प्रसंग आले की भावेश पाणी प्यायला उठायचा.

त्या दिवशी त्याने कधी नव्हे ते डोकं चालवलं. मग एक अशी सिरीज आठवली, जी त्याने आजवर कुणालाच सुचवली नव्हती, कारण ती कुठल्याच खणात बसत नव्हती. त्याने लिहिलं: एक बाई दोन गावांच्या मधे होडी चालवते. बस एवढंच. एकही तलवार नाही. मी रडलो होतो, कुणाला सांगू नका.

फोन आला तेव्हा तो धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात चेपून बसला होता.

"आज आमच्या गाड्या उशिरा निघाल्या," निशा म्हणाली. "तुमच्या होडीमुळे. पुढचा सिझन कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात," भावेश हॉर्नांच्या वरताण ओरडला.

"मग तोवर हळद उरकून घेऊ. दोघं मिळून बघू."

शेजारचा प्रवासी, "भाई, मेरे पैर पे पैर है," म्हणत होता, ते भावेशला ऐकूच आलं नाही. त्याने आक्काला फोन लावला. "आक्का, हळदीच्या तयारीला लाग. हो म्हणाली."

"आता काय सांगितलंस तिला?"

"होडी."

आक्का म्हणाली, "मना पन दाव ती."