जखमी : निरंक

संसदेच्या पटलावर ठेवलेला कागद ही राष्ट्राची स्मृती असते, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. नव्वदच्या दशकात त्या स्मृतीचा थोडासा भाग नाशकात, आमच्या कचेरीत तयार होई आणि दुसऱ्या टोकाला फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर उमटे. सहा महिन्यांत त्यावरची अक्षरं उडत.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जंगलजमिनीवरच्या झोपड्या पोलीस बंदोबस्तात पाडल्या गेल्या होत्या. दिल्लीत एका खासदारानं प्रश्न टाकला : बळाचा वापर झाला काय? झाला असल्यास जखमी किती? उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला.

त्याच दुपारी, दिल्लीतल्या प्रश्नाचं ऐकून, पाड्यावरचा एक माणूस येऊन उभा राहिला. उजवा हात कामट्यांत बांधलेला, बोटं सुजून वांग्यासारखी. त्याच्या बायकोला केसांना धरून नागलीच्या शेतातून फरफटत नेलं होतं. बापाचे पुढचे दात बुटानं पाडले होते. हे सगळं तो सातबाऱ्याचा उतारा मागावा तशा आवाजात सांगत होता.

"माझा हात लिवा," तो म्हणाला. "मीच पोलिसास्नी मारलं म्हणून माझ्यावर केस टाकलीय. दिल्लीच्या कागदात हात आला तर कोर्टात दाखवीन."

हेडक्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं. "कुठल्या सरकारी दवाखान्यात भरती होतास?"

"नाय. गावातच हाड बसवून घेतलं."

"मग तू जखमी नाहीस."

"साहेब, हाड भायेर आलं व्हतं."

"आलं असेल. भरती झाल्याशिवाय जखमी धरत नाहीत. मोडलेला हात डॉक्टरला दाखवायचा असतो बाबा, खासदाराला नाही."

"दवाखान्याच्या दारात पोलीस उभा व्हता. गेलो असतो तर तिथंच धरला असता." त्यानं तो हात टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवला. "आता परत मोडून आणू काय? बोला."

हेडक्लार्क तेवढा हसला.

मी 'जखमी : एक' असं टाइप करून मसुदा साहेबांकडे पाठवला. माझ्या शौर्याची मजल तेवढीच. संध्याकाळी तो परत आला, 'एक' लाल शाईनं खोडून वर 'निरंक' लिहिलेलं. मी निमूटपणे पुन्हा टाइप केलं आणि फॅक्स लावला.

काही महिन्यांनी छापील उत्तर हाती आलं. बळाचा वापर : किमान. जखमी : निरंक. शासकीय मालमत्तेचे नुकसान : मोडलेल्या काठ्या, दोन.

त्या काठ्या त्यानंच मोडल्या, असं पुढे कोर्टात सिद्ध झालं.